तुरुंग नफ्यासाठी खासगी कंपन्यांकडे द्यावेत का?

प्रश्न (खानापूर):
सीमालढ्यातील सत्याग्रहींमुळे हिंडलग्याचे कारागृह आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून काही तुरुंग खासगी कंपन्या चालवतात. गर्दी आणि खर्च कमी करण्यासाठी आपल्याकडेही तसे करावे का?

उत्तर (बेळगाव):
माझा ठाम विरोध आहे. तिथे बहुधा दर कैद्यामागे रोजचे पैसे मिळतात आणि काही करारांत जागा रिकाम्या राहिल्या तरी सरकारने ठरावीक रक्कम मोजावी अशी हमी असते, म्हणजे माणूस सुधारून सुटला आणि परत आला नाही, तर कंपनीचे नुकसान! इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये खासगी तुरुंगाला परवानगी देणारा कायदा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून रद्द केला.

उत्तर (चिकोडी):
फ्रान्समधील काही तुरुंगांत पहारा सरकारकडे आणि जेवण, दुरुस्ती खासगी संस्थांकडे आहे. एवढे मला मान्य होईल.

उत्तर (निपाणी):
गर्दीचे मूळ वेगळे आहे. देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत असलेले, आहेत. आमच्या शेजारच्या विड्या वळणाऱ्या काकूंच्या मुलाला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. भेटीच्या दिवशी तंबाखूने पिवळ्या पडलेल्या बोटांनी त्याचे धुतलेले कपडे पिशवीत भरून त्या पहिल्या बसने निघत. त्या मुलाच्या प्रत्येक दिवसाचे बिल कोणी लावावे, हे मला सहन होणार नाही.