पीक कापणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागत नाहीत?

यवतमाळचा कास्तकार
२०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला पीक विमा गेला आणि भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर आली, म्हणजे निवडक प्लॉट कापून मालाचं वजन करायचं. माझ्या वावरात सोयाबीन सडलं तरी हिशेब पूर्ण महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या अनेक गावांच्या सरासरीचा. समजा उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते तो आकडा, हेक्टरी १,००० किलो आणि सरासरी ८०० निघाली, तर विमा रकमेच्या २० टक्के मिळतात. सारं या दोन आकड्यांवर, अन् गावात ते कुणालाच माहीत नाहीत. तालुक्याला विचारलं की जिल्ह्याकडे बोट. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५ पासून सांगतं, न मागता माहिती द्या. त्यात नोटीस बोर्डसुद्धा आहे! मग दहा रुपयांचा अर्ज करून ३० दिवस वाट कशाला पाहायची?

निवृत्त कृषी सहायक
भाऊ, प्रयोगाच्या दिवशी वावरात उभं राहून पाहा. इकडे गाव म्हणतं ‘साहेब, वजन कमी लिहा’, तिकडे कंपनीच्या माणसाला ते जास्त हवं असतं. एका प्लॉटचा आकडा आधीच फलकावर लागला तर पुढच्या गावात आम्हाला कापणीच करू देणार नाहीत. मंडळाचे सगळे प्रयोग आटोपून आकडे मंजूर होऊ द्या, मग खुशाल लावा.

वऱ्हाडी मानूस
वा जी! कंपनीले आक्षेप घेता येते, अन् आमी मंजुरीची वाट पाहाची? मंग तो आकडा घेऊन का लोणचं घालाचं?

अर्जवाला, वर्धा
मला फलकच पटत नाही. फलकावरचा कागद पहिल्या पावसात जातो. अर्जाचं उत्तर सही-शिक्क्याचं असतं, तक्रारीला जोडता येतं. कटकट आहे, पण पुरावा हाती राहतो.

धानपट्ट्यातली, भंडारा
अर्ज लिहिणारे गावात किती, दोघं-तिघं? आमच्याकडच्या बायांच्या नावावर सातबारा आहे, विमा आहे, आकडा मात्र नवऱ्यालाही ठाऊक नाही. रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेत होतं, तसे हेही आकडे वाचून दाखवा. वेबसाइटचं तर नावच नको, टॉवर आहे पण रेंज नाही.

निवृत्त कृषी सहायक
ग्रामसभा चालेल, पण कापणीच्या आठवड्यात नको, डोकी फुटतील. उंबरठा उत्पादनाचं मात्र मान्य. ते मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून हंगामाआधीच निघतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ते विमा भरायच्या मुदतीआधीच लावायला पाहिजे.