करप्याच्या धाग्यात भरताचं भांडण: अवांतर उडवायचं की वळवायचं?

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. आपल्या केळी-कापूस चर्चेत अवांतर प्रतिसाद दिसला की लगेच उडवायचा, असा नियम करायचं घाटतंय. माझा त्याला विरोध आहे.

दुखणं काय ते आधी बघू. रावेरकडून कोणी केळीच्या पानांवरच्या करप्याचा फोटो टाकतो, फवारणी विचारतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिसादात उत्तर येतं: रोगट पानं कापून बागेबाहेर काढा, १० लिटर पाण्याला १० मिली प्रोपिकोनॅझोल आणि १०० मिली मिनरल ऑइल. चौथा म्हणतो, फवारणी उरकून भरीत खायला या. पाचवा म्हणतो, गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणू नका. तिथून साठ प्रतिसाद होतात आणि बामणोदचं वांगं, आसोद्याचं वांगं, कोणाच्या गावाला चव कळते, सगळं निघतं. पाऊस दोन दिवसांवर आहे, फवारू की थांबू, हा मूळ प्रश्न तसाच लटकलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे मधूनच वाचणाऱ्याला '१०० मिली' एवढंच दिसतं. ते तेलाचं माप होतं, औषधाचं नाही.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठात यूजनेटची, म्हणजे संगणकांवरच्या विषयवार चर्चागटांच्या जाळ्याची, कल्पना मांडली, आणि पुढच्या काही वर्षांतच तिथे नेट.फ्लेम नावाचा गट काढावा लागला, फक्त भांडायला. पण त्यांनी एक चांगली रीतही बसवली, ती उचलण्यासारखी आहे. संदेशाच्या माथ्यावर 'फॉलोअप-टू' अशी एक ओळ टाकता येई. संदेश दोन गटांत जाई, पण त्या ओळीत एकाच गटाचं नाव असेल तर पुढची सगळी उत्तरं आपोआप त्याच गटात पडत. नावाच्या जागी 'पोस्टर' हा शब्द टाकला तर उत्तर गटात न येता लिहिणाऱ्याला खासगी टपालाने जाई. विषयही बदलत, आणि जुना विषय 'आधी:' म्हणून पुढे ठेवत.

आपण हेच हाताने करू. भांडण त्याच्या तिसऱ्या प्रतिसादालाच ओळखायचं. 'भरीत (आधी: करपा)' असा नवा धागा काढायचा. जुन्या धाग्यात एक ओळ लिहायची, 'भरताचं पुढचं तिकडे', आणि दुवा द्यायचा. गुपचूप वळवायचं मात्र नाही. यूजनेटवर कोणी न सांगता फॉलोअप-टू बदललं की उत्तर देणाऱ्याचा मजकूर तो वाचतही नसलेल्या गटात जाऊन पडे, आणि त्यावरून नवीन भांडण. म्हणून मजकुरात तसं सांगायचा शिरस्ता पडला.

गिरणेचं पाणी

तापीकाठ अण्णा, मुद्दा समजला, पटला नाही. उडवाच.

भांडायला वेगळी जागा दिली की भांडण तिथेच राहतं, हे कुठे दिसलं? १९८६-८७ मध्ये यूजनेटच्या सगळ्या गटांची नावं बदलली. वादाचे विषय 'टॉक' या वेगळ्या शाखेत कोंबले, कारण ज्या केंद्रांना (संदेश साठवून पुढे धाडणाऱ्या संगणकांना) फोनचं बिल परवडत नव्हतं त्यांना ती शाखा अख्खी बंद करता यावी. विशेषतः युरोपातली केंद्रं समुद्रापलीकडचा खर्च करून दुसऱ्यांची भांडणं आणायला तयार नव्हती. म्हणजे वेगळी जागा केली ती भांडण विझवायला नाही, खर्च वाचवायला. त्याने बाकीच्या गटांतली भांडणं थांबली नाहीत. भांडायला ऑल्ट.फ्लेम गट होता तरी लोक शास्त्राच्या आणि संगणकाच्या गटांत एकमेकांच्या अंगावर जातच होते.

१९९६ चं 'म्याँव'चं प्रकरण बघा. हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी एक ओस पडलेला गट गप्पांसाठी धरला. तिथल्या एकाने सुचवलं, दुसऱ्या गटांत जाऊन खोड्या काढू. ते ज्यांना झोंबलं त्यांनी उलट त्याच गटावर 'म्याँव, म्याँव'चा मारा केला, आणि बघता बघता ते लोण गटागटांत पसरलं. ओस जागा मोकळी ठेवली की तिथे अड्डा होतो आणि अड्ड्यावरून माणसं बाहेर पडतात. उसाच्या फडाला लागलेली आग शेजारच्या बांधावर नेऊन ठेवत नाहीत.

चाललं काय, तर राखणदार असलेले गट चालले. तिथे संदेश आधी राखणदाराकडे टपालाने जाई, त्याने पास केला तरच सगळ्यांना दिसे. आपल्याकडे तसंच हवं.

बाराशे बॉड

गिरणा भाऊ, तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. आधी गाळणं वेगळं आणि नंतर उडवणं वेगळं. राखणदाराचा गट म्हणजे आधी गाळणं. प्रस्तावात आहे ते नंतर उडवणं, आणि ते यूजनेटवरही नीट जमलं नाही. तिथे 'कॅन्सल' संदेश पाठवून मजकूर काढता येई. पण सगळीच केंद्रं तो पाळत नव्हती, आणि दुसऱ्याच्या नावाने खोटा कॅन्सल पाठवणंही सोपं होतं. शिवाय मूळ मजकूर उडाला तरी त्यातली उतरवून घेतलेली वाक्यं दहा उत्तरांत शिल्लक राहत. व्हॉट्सअॅपवर आज तेच होतं. ॲडमिनने संदेश पुसला की तिथे पुसल्याची खूण उरते, आणि पुढचे वीस संदेश 'काय होतं, का पुसलं' यावर.

भांडण पेटतं कशाने, यावर कोणी बोलत नाही. जुन्या काळी केंद्रं एकमेकांना फोन लावून संदेश देत-घेत, बहुतेक रात्री, दर स्वस्त असताना, आणि ३०० किंवा १२०० बॉडच्या, म्हणजे अगदी धिम्या, मॉडेमवर. त्यामुळे कितीदा उत्तर आधी पोचायचं आणि प्रश्न दुसऱ्या दिवशी. वाचणाऱ्याला संदर्भ कळावा म्हणून समोरच्याची ओळ उतरवून तिच्याखाली लिहायची पद्धत पडली. पद्धत उपयोगी होती, पण तिनेच घात केला. वीस ओळींच्या मजकुराला वीस तुकड्यांत उत्तर, आणि प्रत्येक तुकड्याचं स्वतंत्र भांडण. माणसाचं एकूण म्हणणं काय, ते कोणी वाचेना.

आवाज आणि चेहरा नसतो, हे दुसरं कारण. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या फलकावर १९८२ च्या सप्टेंबरात चर्चा चालू होती की लिफ्टचा दोर तुटला तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचं आणि मेणबत्तीचं काय होईल. त्यात कोणीतरी गमतीने सूचना टाकली की लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना ती खरी वाटली. मग गंमत कशी ओळखायची यावर खल झाला, आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला. इमोजीच्या आधीचा तोच.

आपल्या शिवारात रेंज येते-जाते. तीन तास काही येत नाही आणि मग चाळीस संदेश एकदम पडतात. माणूस पहिला तापलेला संदेश वाचतो आणि उत्तर देऊन मोकळा होतो, खाली माफी मागून झालेली असते. यावर उडवणं हा इलाज नाही आणि वळवणंही नाही. वेग कमी करा. टेलिग्रामवर स्लो मोड आहे, दोन संदेशांत काही सेकंदांपासून एक तासापर्यंत अंतर ठेवता येतं. भांडण दिसलं की पंधरा मिनिटं लावा. ऑक्टोबर १९९५ मध्ये निघालेल्या आरएफसी १८५५ या इंटरनेटवरच्या शिष्टाचारपत्रात हेच सांगितलंय: भावनेच्या भरातलं उत्तर रात्रभर थांबून पाठवा. आणि नवीन माणसाने एक-दोन महिने नुसतं वाचावं, मग लिहावं.

पराठी

अवांतर म्हणजे कचरा, असं सगळ्यांनी धरूनच चाललंय. मला ते मान्य नाही भो.

भरताचंच घ्या. वांगी कशावर भाजायची, तर पराठीवर, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. पराठीची आग पटकन चढते आणि लवकर बसते, वांग्याचं साल करपतं आणि आत धूर मुरतो. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून त्यात वांगं घोटायचं. इथपर्यंत अवांतर. पण कोणीतरी विचारतंच की पराठी मे महिन्यापर्यंत बांधावर रचून ठेवायची का. हा प्रश्न कापसाच्या मुळावरचा आहे. न फुटलेल्या, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसते. पराठीची उडवी बांधावर राहिली की पुढच्या हंगामात पतंग तिथूनच निघतात. डिसेंबर-जानेवारीत कपाशी संपवा, फरदड (त्याच झाडांवरचं दुबार पीक) घेऊ नका, काड्यांची विल्हेवाट लावा, हे सांगून सांगून कृषी खातं थकलं. 'बोंडअळी व्यवस्थापन' असा धागा काढला तर तो आधीच जाणणारे पाचजण वाचतात. भरताच्या भांडणात दोनशे माणसं असतात.

उडवायचा नियम केला असता तर ही माहिती चौथ्या प्रतिसादाबरोबर गेली असती.

गिरणेचं पाणी

पराठी दादा, माहिती लाखमोलाची. पण ती करप्याच्या धाग्यात साठाव्या प्रतिसादात पुरून ठेवली तर पुढच्या वर्षी शोधणार कोण? शोधात 'बोंडअळी' टाकलं तर विषयाच्या ओळीत करपा दिसतो.

कळण्याची पुरी

कोणी काही उडवू नये आणि वळवूही नये, ज्याने त्याने आपल्यापुरतं गाळावं. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये 'आरएन' हा वाचनाचा प्रोग्राम दिला, त्यात ही सोय होती. मोठा 'के' दाबला की तो विषय किल फाइलमध्ये, म्हणजे गाळायच्या यादीत, जाई आणि पुन्हा समोर येत नसे. माणसाचं नावही टाकता येई. कोणाचं तोंड दाबलं नाही आणि वाचणाऱ्याचं डोकंही शांत.

तापीकाठ (धागाकर्ता)

ताई, किल फाइल जुन्या-जाणत्यांसाठी ठीक होती. तिची दोन भोकं होती. विषयाची ओळ बदलली की भांडण परत आत. आणि ज्याला गाळलं त्याचीच वाक्यं उतरवून बाकीचे उत्तर देत, म्हणजे तो मागच्या दाराने येतच राही. शिवाय आज सकाळी आलेल्या शेतकऱ्याकडे कोणाला गाळायचं याची यादी कुठून असणार? पूर्वी दर सप्टेंबरात विद्यापीठांतून नवी पोरं यूजनेटवर येत, महिनाभर गोंधळ घालत आणि मग वळणावर येत. १९९४ मध्ये अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीने आपल्या ग्राहकांना यूजनेट खुलं केलं, आणि येणाऱ्यांची संख्या शिकवणाऱ्यांना पेलेना. आपल्याकडे केळी लागवडीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत असंच होतं.

बाराशे बॉड, वेगाचं तुमचं म्हणणं मी घेतो. फक्त स्लो मोड सगळ्या गटाला लागतो, एका भांडणाला नाही. बागेत घड काळे पडताहेत म्हणून घाईने विचारणाराही पंधरा मिनिटं अडकेल.

बाराशे बॉड

ही अडचण खरी आहे. मग एक जुनं उदाहरण देतो, तुमच्या बाजूनेच जाईल. २९ जानेवारी १९९२ रोजी कॉम्प.ओएस.मिनिक्स या गटात मिनिक्स ही संगणकप्रणाली लिहिणारे प्राध्यापक टॅननबॉम यांनी लिहिलं की लिनक्स ही नवी प्रणाली कालबाह्य आहे. गट मिनिक्सचा, लिनक्सची चर्चा तिथे आधीच अनेकांना खुपत होती, म्हणजे आपल्या भाषेत अवांतर. लिनक्स लिहिणारा हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने जहाल उत्तर दिलं. राखणदार नव्हता, कोणी काही उडवलं नाही. एका वाचकाने टोरवाल्ड्सला खासगीत प्रेमाने लिहिलं की असं बोलत नाहीत. त्याने गटात उघड माफी मागितली आणि प्राध्यापकांना वेगळं, सौम्य पत्र लिहीत असल्याचं सांगितलं. वाद पुढे चालला, पण कर्नल (प्रणालीचा गाभा) एकसंध असावा की तुकड्यांचा, यावर. लिनक्सला स्वतःचा गटही मिळाला. आपण आधी खासगी निरोप पाठवायचा, उघड टोकायचं नाही. चारचौघांत टोकलेला माणूस मागे येत नाही.

गिरणेचं पाणी

हे मला पटतं, पण त्यात सगळी माणसं सज्जन धरलीत. १२ एप्रिल १९९४ ला कँटर आणि सिगेल या वकील जोडप्याने ग्रीन कार्डची जाहिरात साडेपाच हजारांहून जास्त गटांत टाकली. एकच संदेश सगळ्यांना जोडून टाकला असता तर वाचणाऱ्याला एकदाच दिसला असता. त्यांनी प्रत्येक गटात वेगळा टाकला, म्हणून जिथे जाल तिथे तोच. आणि चिडलेल्यांनी प्रत्येक गटात उत्तरं दिली, त्यांचा कचरा जाहिरातीहून मोठा झाला. खासगी निरोपाने ते थांबले नसते.

माझी अट एवढीच. ज्या धाग्यात औषधाचं माप, बाजारभाव किंवा जिवाचा धोका आहे, तिथलं अवांतर उडवा, आणि उडवल्यावर कारण एका ओळीत लिहा. मापाचा प्रतिसाद वर टाचून ठेवा, औषध आणि तेल वेगवेगळ्या ओळीत. बाकी धाग्यांत अण्णांच्या रीतीने वळवा.

तापीकाठ (धागाकर्ता)

भावाच्या धाग्यात नको. बऱ्हाणपूरचा भाव आणि रावेरचा भाव यांत फरक का, हा वाद वरवर अवांतर दिसतो, पण व्यापारी कट्टी (कपात) किती लावतो हे त्यातूनच बाहेर येतं. माप आणि धोका, दोन्हीला कबूल.

गिरणेचं पाणी

भाव सोडला. पण वळवायला रोज दोन माणसं नेमा, एक सकाळी आणि एक रात्री नऊनंतर. भांडणं रात्रीच पेटतात, आणि तेव्हाच फोटो टाकणारा शेतकरी उत्तराची वाट बघत बसलेला असतो.