पी मोडमध्ये ॲपर्चर आणि शटर स्पीड कॅमेरा कशावरून ठरवतो?

मनीमाऊ: क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा घेतलाय, १८-५५ मिमीची झूम लेन्स आहे, सगळं पी मोड आणि ऑटो आयएसओवर. पुस्तकांच्या कपाटाचे एकाच जागेवरून दोन फोटो काढले, उजेड तोच, तर १८ला एफ ३.५, १/३०, आयएसओ ४०० आलं आणि झूम करून ५५ला एफ ५.६, १/८०, आयएसओ २५००! असं का? आणि खिडकीत बसलेली काळी मांजर नुसती काळी सावली आली, तिचे डोळेसुद्धा दिसत नाहीयेत.

तिपाई: आकडे बरोबर आहेत, एक्स्पोजर (फोटो एकूण किती उजळ येतो ते) दोन्हीकडे सारखंच आहे. एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्समधलं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान; १/३० म्हणजे शटर तितका सेकंद उघडं. झूम केल्यावर तुमची लेन्स एफ ५.६पेक्षा जास्त उघडतच नाही, तिथे साधारण सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) उजेड गेला, शिवाय फोकल लेन्थ (लेन्सवरचा १८, ५५ हा आकडा) वाढली की हात हलल्याचा परिणामही जास्त दिसतो म्हणून कॅमेऱ्याने शटर १/८० केलं (५५ गुणिले क्रॉप सेन्सरचे १.५, म्हणजे ८२च्या आसपास, शटर निदान १/तेवढं ठेवायचं, जुना नियमच आहे हा), तिथे अजून तेवढाच उजेड गेला, मग ती सगळी तूट आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवून भरून काढली. कॅमेऱ्यात प्रोग्रॅम लाइन म्हणून एक ठरलेला तक्ता असतो, इतका उजेड असेल तर ही जोडी. अंधारात आधी ॲपर्चर पूर्ण उघडतो, उन्हात ॲपर्चर आणि शटर दोन्ही थोडंथोडं आवळतो. एफ ४ ला १/१०००, एफ ५.६ ला १/५००, एफ ८ ला १/२५०, तिन्हीत उजेड सारखाच, त्यातली कुठली घ्यायची ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. ती जोडी आवडली नाही तर डायल फिरवा, एक्स्पोजर तेच ठेवून दुसरी मिळते, याला प्रोग्रॅम शिफ्ट म्हणतात.

जुनारोल: मांजरीचं कारण वेगळंय. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला मांजर काळी आहे हे माहीत नसतं, त्याला फक्त परत येणारा उजेड कळतो आणि तो सगळं मिळून मध्यम करड्या रंगावर आणायला बघतो. खिडकी प्रचंड उजळ, म्हणून त्याने एक्स्पोजर कमी केलं आणि मांजर बुडाली. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड स्टॉपमध्ये कमीजास्त करायचं बटण) +१.३ किंवा +२ करून बघा, खिडकी पांढरीफट्ट होईल, होऊ दे. उलट फ्रेमभर मांजरच असेल तर ती राखाडी येते, तेव्हा मायनस करायचं.

तिपाई: सहमत. आणि मांजर हलत असेल तर १/८० पुरणार नाही बरं का, कॅमेऱ्याने फक्त तुमच्या हाताचा विचार केलाय, तिच्या उडीचा नाही! एस मोडवर (शटर तुम्ही ठरवायचं) १/२५० किंवा १/५०० ठेवा, ॲपर्चर कॅमेरा बघून घेईल.

मनीमाऊ: +१.७ ला डोळे आले! मिशासुद्धा एकेक मोजता येतायत, मागचा पडदा गेला पण चालेल. आता एस मोड, ती जागी झाली की.