मदत हवी आहे: श्रावणात इंद्रधनुष्य कधी आणि कुठून दिसेल?

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे. परवा दुपारी एकला लख्ख ऊन आणि वरून पाऊस. तुळशीच्या पानांवर थेंब न् थेंब चमकत होता. लेक सूर्याकडे पाठ करून अर्धा तास भिजत उभी, पण इंद्रधनुष्य काही दिसेना. फार हिरमुसली पोर. नंतर समजलं, सूर्य क्षितिजापासून 42 अंशांहून वर असला तर सपाटीवरून ते आभाळात दिसतच नाही. म्हणजे श्रावणात सकाळी नऊच्या आत, नाहीतर दुपारी चारनंतर. पण आमच्याकडे चारनंतर पश्चिमेला, सह्याद्रीवर, ढग दाटलेलेच असतात, सूर्यच झाकला जातो! बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्यावरून कुणी पाहिलंय का? सकाळी पश्चिमेला दिसतं का? वेळ आणि दिशा नक्की सांगा, रविवारी तिला न्यायचंय.