टीजी-६ विकून मिररलेस घेऊ का? मालवणच्या पाण्यासाठी सल्ला हवा

शाळेची_बाई (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मी इथल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी तारकर्लीला ओपन वॉटरचा कोर्स केला. तेव्हापासून ऑक्टोबर ते मे, जमेल तसं मालवण गाठते. आजपर्यंत २७ डाइव्ह झाल्या.

फोटो काढते ते वर्गातल्या मुलांसाठी. प्रवाळ हा प्राणी आहे, दगड नव्हे, हे पुस्तकातल्या चित्रावरून त्यांना पटत नाही. बाईंनी स्वतः पाण्यात जाऊन काढलेला फोटो भिंतीवर दिसला की मात्र तास संपला तरी प्रश्न थांबत नाहीत. म्हणून फोटो चांगले यावेत असं फार वाटतं.

माझ्याकडे जुना घेतलेला ऑलिंपस टीजी-६ हा छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा आहे. तो १५ मीटरपर्यंत तसाच चालतो आणि मी आठ-दहा मीटरच्या खाली जात नाही, म्हणून केस, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीची पाणीबंद पेटी, घेतलेली नाही. अडचणी अशा:

सगळं हिरवट येतं. फ्लॅश लावला तर चाळणीतून पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके फोटोभर पसरतात. आणि प्रवाळाचा अख्खा गड्डा चौकटीत मावत नाही. मावावा म्हणून मागे सरकले की धुकं. जवळचे फोटो मात्र छान येतात. गेल्या डिसेंबरमध्ये नखाएवढ्या समुद्री गोगलगायीचा एक इतका सुरेख आला की तो मी फ्रेम करून प्रयोगशाळेत लावला.

भिशीचे नव्वद हजार हातात आले आहेत. पुण्यातले एक जण सोनी ए६४०० हा मिररलेस (लेन्स बदलता येणारा) कॅमेरा, सोबतची १६-५० लेन्स आणि ४० मीटरची प्लास्टिक केस एवढ्यातच देतायत. घेऊ का?

कर्लीकाठ

ताई, घ्या. टीजीचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, १/२.३ इंचाचा. ए६४०० चा त्याच्या सुमारे तेरा पट क्षेत्रफळाचा. कमी उजेडात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवला तरी फोटो दाणेदार होत नाही. आज ना उद्या तिकडं जाणारच असाल तर आत्ताच जा.

लेथवाला (शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर)

ताई, पुण्याच्या माणसाला अजून होकार दिला नसेल तर थोडं थांबा. मी नऊ वर्षं मालवणात फोटो काढतोय, पोटापाण्याला लेथचं काम करतो. वरच्या भावाचं सेन्सरचं म्हणणं बरोबर आहे. पण तुम्ही सांगितलेल्या तीन अडचणींपैकी एकही त्या कॅमेऱ्यानं सुटत नाही. एकेक सांगतो.

आधी गड्डा न मावण्याचं. केसची काच सपाट असली की पाण्यातला प्रकाश काचेतून हवेत येताना वाकतो आणि दृश्याचा कोन आवळला जातो. साधारण १.३३ पट धरा. तुमच्या टीजीची रुंद बाजू २५ मिमी (आकडा लहान तेवढं चौकटीत जास्त मावतं), ती पाण्यात ३३ सारखी वागते. आता ए६४०० ची १६-५० बघा. १६ म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत (टीजीचा २५ ज्या मापात सांगितला त्यात) २४, सपाट काचेमागं ती ३२. नव्वद हजार घालवून चौकट होती तेवढीच! वर ती लेन्स २५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. टीजी एका सेंटिमीटरवर करतो. म्हणजे तुमची ती गोगलगाय, जी आज येते, तीसुद्धा हातची जाणार. ती परत मिळवायला मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, लेन्स वेगळी घ्यावी लागेल, आणि फ्लॅश तर त्या सौद्यात नाहीच.

आता हिरवटपणा. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाचेक मीटरवर तो बहुतेक संपलेला असतो, त्याच्या खाली नारिंगी जातो, मग पिवळा. बरं, ही खोली वरून खाली एवढीच मोजायची नाही. सूर्यापासून माशापर्यंत आणि माशापासून तुमच्या काचेपर्यंत, दोन्ही मिळून पाणी मोजायचं. सहा मीटरवर उतरून दोन मीटर लांबून फोटो काढला तर प्रकाश आठ मीटर पाण्यातून आलाय. सेन्सर कितीही मोठा असू दे, जो लाल तिथं पोचलाच नाही तो तो टिपणार कुठून? रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) काढून नंतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ओढला की थोडं सुधारतं, आणि टीजी-६ रॉ देतो, तेव्हा ते आजपासूनच चालू करा. पण खरा लाल हवा असेल तर तो तुम्ही स्वतः खाली न्यायचा, म्हणजे स्ट्रोब, पाण्याखाली चालणारा वेगळा फ्लॅश.

आणि ठिपके. मालवणच्या पाण्यात गाळ आणि प्लवक कायम असतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सला चिकटून, त्यामुळं लेन्सच्या पुढ्यातला कणन् कण उजळतो आणि तो उजेड सरळ परत येतो. स्ट्रोब हातभर लांब, काचेच्या रेषेच्या थोडा मागं आणि किंचित बाहेर वळवून लावला की त्याच्या झोताची फक्त कड प्रवाळावर पडते. काच आणि प्रवाळ यांच्यामधलं पाणी अंधारात राहतं. कण तिथंच असतात, पण दिसत नाहीत. तोंड नेमकं प्रवाळाकडं वळवायचा मोह प्रत्येकाला होतो, मला दोन सीझन झाला. तसं केलं की पीठ आलंच.

तेव्हा माझं स्पष्ट मत: टीजी-६ ठेवा. नव्वद हजारांतून आधी त्याची केस घ्या, पीटी-०५९, ४५ मीटरची. मग चार पेन्सिल सेलवर चालणारा एक चांगला स्ट्रोब आणि फायबरची केबल. टीजीचा आतला फ्लॅश चमकला की केबलमधून तो उजेड जाऊन स्ट्रोब पेटतो, तारेची भानगड नाही. उरलेल्यात ५२ मिमी आट्याची वाइड वेट लेन्स. ही केसच्या पुढं बाहेरून बसते आणि पाण्यातसुद्धा काढता-घालता येते, म्हणजे एकाच डाइव्हमध्ये गड्डाही मिळतो, गोगलगायही. बसवताना मधे बुडबुडे अडकतात. लेन्स एकदा थोडी सैल करून बोटानं पुसून घ्या, नाहीतर मधोमध डाग येतो.

वाइड लेन्सचा खरा फायदा अजून कोणी सांगितला नाही म्हणून सांगतो. ती घेतल्यावर तुम्ही पुढं जाता. ठोकताळा असा की जेवढं लांबवर दिसतं त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आतूनच फोटो काढायचा. पाच मीटर दिसत असेल तर एक मीटर. मालवणला मला बहुतेक दिवस तीन ते सहा मीटर मिळतं, म्हणजे हात लांब केला की बोट लागेल इतकंच अंतर. तुम्ही मागं सरकत होता, तिथंच धुकं मधे येत होतं.

केस घ्या म्हणतोय ते फक्त स्ट्रोबसाठी नाही. १५ मीटर हा आकडा नव्या कॅमेऱ्याचा. त्याच्या झाकणांच्या सीलना वय असतं आणि कंपनीच ते दर वर्षी बदलून घ्या म्हणते. तुमचा जुना घेतलेला, आधीच्या मालकानं किती वेळा बदलले कुणास ठाऊक. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. हे मी अनुभवानं सांगतोय. २०१७ मध्ये माझा पहिला कॅमेरा सहा मीटरवर गेला. केसच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कड्यावर, माझ्याच डोक्याचा एक केस आडवा पडला होता. काचेच्या तळाशी पाण्याची रेघ दिसली, ती वर चढत गेली, आणि वर येईपर्यंत सगळं खलास. अकरा महिन्यांची बचत होती ती. त्या दिवसापासून रिंग मी बोटावर फिरवून बघतो. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला लागतं. ग्रीस त्या कंपनीच्या रिंगला चालणारंच लावायचं, भाताच्या दाण्याएवढं. काही सिलिकॉन रिंगा भलत्या सिलिकॉन ग्रीसनं फुगतात. व्हॅसलीन तर नकोच.

ट्रे (केस बसवायची पट्टी) आणि आर्म (स्ट्रोब धरणारा दांडा) विकत घेऊ नका, तिथं पैसे वाचतात. आपण कोल्हापुरात राहतो. १९१८ साली बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा उभा केला, आपल्याला एक ट्रे जड नाही. ६०६१ ॲल्युमिनियमची पट्टी, तिला अनोडायझिंग (गंज रोखणारा थर), बोल्ट ३१६ स्टेनलेस स्टीलचे. ३०४ चे लावले तर खाऱ्या पाण्यात डाग धरतात. स्टील आणि ॲल्युमिनियम जिथं भिडतात तिथं नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. आर्मचे गोळे एक इंचाचे, म्हणजे २५.४ मिमी, सगळ्या क्लॅम्पना तेच माप बसतं. गोळ्यावर खाच पाडून त्यात ओ-रिंग बसवायची, म्हणजे स्ट्रोब वळवला तिथं थांबतो.

नेत्राणी_फेरी (बेळगाव)

लेथवाल्या दादांशी बहुतांशी सहमत. एक भर घालतो. मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटाला पाणी स्वच्छ मिळतं, १०-१५ मीटर दिसतं. तिथं वर बघून सूर्य चौकटीत घेतला की टीजी कमी पडतो. त्यात लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र खऱ्या अर्थानं बारीक होत नाही, एफ/८ म्हणून जे दिसतं ते आतल्या फिल्टरनं उजेड कमी केलेलं असतं. ए६४०० चा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सगळ्यात जास्त वेग, १/१६० सेकंदावर थांबतो, म्हणून तिथंही सूर्य फुटतोच, नुसता पांढरा डाग होतो. माझ्याकडे सोनी आरएक्स१०० व्हीए आहे. त्याचा लीफ शटर (लेन्सच्या आतच बसवलेला) १/२००० सेकंदालाही फ्लॅशसोबत चालतो, सूर्याचे किरण सुटे सुटे येतात. पुढं कधी कॅमेरा बदलायचा झाला तर या बाजूनंही विचार करा. स्ट्रोब तोच चालतो.

शाळेची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, ३३ आणि ३२ चं गणित वाचून मी पुण्याला फोन करून नाही म्हणून कळवलं. तीन शंका आहेत. स्ट्रोबऐवजी मोठा टॉर्च चालेल का? तो समोर दिसतो तरी, उजेड कुठं पडतोय ते कळतं. दुसरी, बोटीवर केस बंद केली की दहा मिनिटांत काचेवर आतून वाफ धरते असं ऐकलंय, तिथं काय करायचं? आणि तिसरी, मालवणच्या एका फेरीत दोनच डाइव्ह होतात. स्ट्रोब कुठं लावायचा हे शिकायला तेवढ्या पुरणार नाहीत.

लेथवाला (शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर)

टॉर्च गोगलगायीला चालेल, एक वीतभर अंतरावर. मीटरभर लांबच्या गड्ड्याला दिवसाच्या उजेडात तो पुरत नाही. स्ट्रोबचा उजेड क्षणात एकवटलेला असतो, टॉर्चचा तसा नसतो.

वाफेचं उत्तर आपल्या घाटात आहे. वाफ धरते कारण मालवणची दमट हवा केसमध्ये कोंडली जाते, पाण्यात काच गार होते आणि कॅमेरा आत तापतो. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरची हवा कोरडी असते. मी सकाळी घरी, पंखा बंद करून, म्हणजे धूळ उडत नाही, कॅमेरा नव्या सेलसकट केसमध्ये घालतो, सिलिका जेलची पुडी सरकवतो आणि इथंच बंद करतो. मग राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून मालवण. पहिली डाइव्ह होईपर्यंत उघडत नाही. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, म्हणजे किनाऱ्यावर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा सहाएक टक्के जास्त असतो. झाकण आत ओढलं जातं, रिंग आणखी घट्ट बसते. खाली पोचून उघडायला गेलात तर कडी सुटली तरी झाकण चिकटून राहील, घाबरू नका. पहिल्यांदा मी स्क्रूड्रायव्हर घालणार होतो, बायकोनं हात धरला म्हणून रिंगची खाच वाचली. नखानं रिंगची कड थोडी उचला, हवा आत शिरली की सुटतं. परत येताना उलटं, केस उघडी ठेवूनच घाट चढा.

डाइव्ह झाल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि बटणं दाबत राहा, मीठ बटणाच्या दांड्यांत बसतं. सगळ्यांच्या सामाईक टबात सोडून जाऊ नका, दुसऱ्याच्या टाकीचा धक्का लागून कड्या उघडलेल्या मी पाहिल्यात.

सरावाला समुद्र लागतच नाही. माझ्या आईच्या गावात, राधानगरीच्या वाटेवर, उसाच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर आहे. जानेवारीत पाणी निवळशंख असतं. मी दोरीला दगड बांधून दोन मीटरवर एक सोललेला नारळ टांगला, शेंडीसकट, कारण शेंडीवर सावली कशी पडते ते लगेच कळतं. मग स्ट्रोब डावीकडं, उजवीकडं, वर, मागं. एकेका जागेचे पाच फोटो, वर येऊन वहीत नोंद. तीन रविवारांत मला जे कळलं ते आधीच्या दोन सीझनमध्ये कळलं नव्हतं. मूठभर माती ढवळली की मालवणचं पाणीही तयार होतं. एकट्यानं विहिरीत उतरायचं नाही, काठावर पोहता येणारा माणूस हवाच.

आणि त्या विहिरीत एकदा पाठीवर होऊन वर बघा. पाण्याखालून सगळं आकाश ९७ अंशांच्या एका गोलात मावतं, बाहेर सगळा काळोख. मी बघितलं तेव्हा त्या गोलात कडुलिंब होता, विहिरीचा कठडा होता आणि वाकून बघणारी आई होती, हिरव्या लुगड्यात. तो फोटो टीजीसारख्याच एका छोट्या कॅमेऱ्यानं काढलाय. मुलांना प्रकाशाचं वक्रीभवन शिकवायला यापेक्षा चांगलं चित्र मला माहीत नाही, हवा असेल तर देतो.

शाळेची_बाई

फोटो नक्की हवा आहे, आठवीला पुढच्या महिन्यात तोच धडा आहे. केस आणि स्ट्रोब आज मागवते. वेट लेन्स मार्चमध्ये, पुढची भिशी लागली की.

लेथवाला (शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर)

चालेल. केस आली की ती घेऊन रविवारी सकाळी नऊनंतर दुकानात या, ट्रेची भोकं तिच्या मापानं पाडू. तुमच्या हाताचं मापही लागेल, ग्रिप त्याप्रमाणं टर्न करतो. येताना पाच-सहा मुलं आणलीत तरी चालेल, लेथ चालताना बघू देत.