अंटार्क्टिकाचा समुद्र वाचवायचा तर 'सगळ्यांची संमती' ही अट काढायला हवी का?

दक्षिणवारा:
माझं मत सरळ मांडते. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचा कारभार कॅमलार या आयोगाकडे आहे. तिथे प्रत्येक महत्त्वाचा निर्णय एकमताने घ्यायची जी अट आहे, ती आता गेली पाहिजे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: १९८० च्या करारातून हा आयोग जन्मला. मुख्यालय टास्मानियात, होबार्टला. सदस्य २७, म्हणजे २६ देश आणि युरोपीय संघ. एकाने जरी हरकत घेतली तरी विषय पुढच्या वर्षावर जातो. २०१६ साली रॉस समुद्रात साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र मंजूर झालं तेव्हा वाटलं होतं, आता बाकीचीही होतील. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प, तिन्ही प्रस्ताव आजही अडकलेले आहेत. दरवर्षी चीन आणि रशिया म्हणतात, शास्त्रीय माहिती अपुरी आहे. २०२३ मध्ये केवळ याच विषयासाठी सांतियागोला खास बैठक बोलावली, तीही रिकाम्या हाताने संपली.

आणि क्रिल. बोटभर लांबीचा हा जीव खाऊन तिथले देवमासे, सील, पेंग्विन जगतात. काही आधुनिक क्रिल-जहाजांना जाळं वर ओढावंच लागत नाही. जाळ्याच्या शेपटाला जाड नळी जोडलेली असते, तिच्यातून क्रिल अखंड पंपाने जहाजावर येत राहतो, जाळं तसंच पाण्यात. बराचसा माल माशांचं खाद्य आणि ओमेगा-३ च्या गोळ्या बनवायला जातो. ज्या भागात ही मासेमारी चालते तिथे ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. सगळी जहाजं एकाच ठिकाणी तुटून पडू नयेत म्हणून ही मर्यादा उपक्षेत्रांत वाटून देणारा नियम होता. २०२४ मध्ये त्याला मुदतवाढ द्यायला एकमत झालं नाही आणि नियम संपला. पुढच्याच हंगामात, ऑगस्ट २०२५ मध्ये, मर्यादा गाठली गेली आणि मासेमारी वेळेआधी थांबवावी लागली. द्वीपकल्पाजवळचे पेंग्विन जिथे चरतात तिथेच जहाजांची गर्दी झाली.

कोणी मत देऊन तो नियम रद्द केला नाही. फक्त 'हो' म्हणायला नकार दिला, तेवढं पुरलं. तीन-चतुर्थांश मतांनी निर्णय व्हावा, एवढीच माझी मागणी आहे.

कलम_चार:
क्रिलबद्दलची तळमळ पटते, उपाय अजिबात पटत नाही.

अंटार्क्टिकावर सात देशांचा दावा आहे. त्यातले ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली यांचे दावे एकमेकांवर चढलेले आहेत. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या चौथ्या कलमाने हे सगळे दावे जिथल्या तिथे गोठवले: कोणाला सोडावे लागणार नाहीत, कोणी वाढवायचे नाहीत. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका कागदावर सही करू शकले, कारण आपल्याला मतदानात कोणी हरवणार नाही ही खात्री दोघांना होती. ती खात्री काढून घ्या, मग बघा किती जण टिकतात.

दुसरं, नकाराधिकार नेहमी निसर्गाच्या विरोधातच जातो असं तुम्ही गृहीत धरलंय. १९८८ आठवा. अनेक वर्षं वाटाघाटी करून वेलिंग्टनला खाणकामाचा करार तयार झाला होता, म्हणजे अटी घालून खाणकामाला वाट करून देणारा. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने सांगितलं, आम्ही यात नाही. दावेदार देशांशिवाय तो करार लागू होणं शक्य नव्हतं, म्हणून तो मेला. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, माद्रिद प्रोटोकॉल आला आणि खाणकामावर सरसकट बंदी बसली. बहुमताने कारभार चालत असता तर या दोघांचा नकार कोणी विचारातही घेतला नसता.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर कॅमलारचा करार बदलायलाही सगळ्या सदस्यांची मान्यता लागते. एकमत काढायला एकमतच हवं.

गलबत:
मध्येच विचारतोय, माफ करा. ती खाणबंदी २०४८ ला संपते ना?

कलम_चार:
नाही. हा गैरसमज फार पसरलाय. प्रोटोकॉल १९९८ मध्ये लागू झाला. पन्नास वर्षांनी, म्हणजे २०४८ पासून, कोणताही सल्लागार देश (अंटार्क्टिक करारात निर्णयाचा हक्क असलेला) आढावा परिषद मागू शकतो, इतकंच. खाणकामाचं नियमन करणारी बंधनकारक व्यवस्था अस्तित्वात आल्याशिवाय बंदी उठत नाही. संपायची तारीख त्यात कुठेच नाही.

तिमिंगल:
मतदानाचा प्रयोग त्याच समुद्रात झालेला आहे, त्याकडे कोणी बघत नाही. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगात, म्हणजे देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आयोगात, महत्त्वाचे निर्णय तीन-चतुर्थांश मतांनी होतात. १९९४ मध्ये दक्षिण महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला, विरोधात मत एकट्या जपानचं. कॅमलारच्या पद्धतीने हे कधीच झालं नसतं.

कलम_चार:
आणि पुढे काय झालं? जपानने हरकत नोंदवली आणि 'संशोधना'च्या नावाखाली शिकार चालू ठेवली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो कार्यक्रम बेकायदा ठरवला, तर नव्या नावाने पुन्हा सुरू केला. २०१९ मध्ये आयोगच सोडला. हरलेला देश असाच बाहेर पडतो.

तिमिंगल:
बाहेर पडला आणि अंटार्क्टिकात जाणंही बंद केलं! आता त्यांची शिकार स्वतःच्या सागरी हद्दीत. देवमाशांच्या बाजूने बघा, दक्षिण महासागरातली शिकार थांबली की नाही?

कलम_चार:
देवमाशाच्या मांसाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, क्रिलला मागणी वाढतेय. तुलना इथेच तुटते. उद्या मोठे क्रिल पकडणारे देश कॅमलारमधून गेले तर तो समुद्र त्यांच्यासाठी खुला. आज प्रत्येक क्रिल-जहाजावर निरीक्षक असतो, पकडीचे आकडे आयोगाला कळवावे लागतात, ६ लाख २० हजार टनांची मर्यादा पाळली जाते. ती गाठल्यावर मासेमारी थांबली हे तुम्हीच वर लिहिलंय. हे सगळं पणाला लावायचं?

उत्तरायण:
जरा उत्तरेकडेही बघू. मध्य आर्क्टिक महासागरात १० पक्षांनी, त्यात रशिया आणि चीनसुद्धा, २०१८ साली करार केला: पुरेसं संशोधन होईपर्यंत व्यापारी मासेमारी करायची नाही. २८ लाख चौरस किलोमीटर, सुरुवातीला १६ वर्षं. निर्णयपद्धत तिथेही एकमताचीच. युक्रेन युद्धामुळे आर्क्टिक परिषद २०२२ मध्ये ठप्प झाली, पण या कराराची पहिली बैठक त्याच वर्षी पार पडली.

माझ्या मते फरक वेळेचा आहे. तिथे करार झाला तेव्हा एकही जहाज त्या पाण्यात मासे धरत नव्हतं, कोणाचे पैसे गुंतलेले नव्हते. क्रिलमध्ये कारखाने, जहाजं, बाजार सगळं आधी उभं राहिलं आणि संरक्षणाचं बोलणं मागून आलं.

आणखी एक, विषय थोडा सोडून पण राहवत नाही. आर्क्टिक परिषदेत इनुइट, सामी अशा तिथल्या मूळ रहिवाशांच्या सहा संघटना आहेत. त्यांना चर्चेत स्थान आहे, मत नाही. एकमत की बहुमत या वादात मताचा अधिकार फक्त देशांना असतो हे आपण धरूनच चाललोय.

बर्फाळ:
तुम्ही सगळे जाळ्यांवर भांडताय. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउसन समुद्रात एम्परर पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चार ठिकाणी पिल्लं वाचली नाहीत, कारण पाण्यात टिकतील अशी पिसं यायच्या आधीच पायाखालचा समुद्री बर्फ फुटला. तिथे कोणताही संरक्षित पट्टा काही करू शकला नसता.

दक्षिणवारा:
बर्फाळ, बरोबर आहे, पण त्यातून उलट निष्कर्ष निघतो. बर्फ आपण होबार्टमध्ये बसून थांबवू शकत नाही. निदान त्या पक्ष्यांच्या तोंडचा घास तरी राखू शकतो. कार्बनचं उत्तर मिळेपर्यंत क्रिलही गेला तर उरेल काय?

कलम_चार, कोणी बाहेर पडेल ही तुमची भीती मला रास्त वाटते. पण बाहेर पडायची गरजच कशाला? कॅमलारच्या नवव्या कलमाप्रमाणे एखादा निर्णय झाल्यावरही सदस्य ९० दिवसांत 'हा आम्हाला मान्य नाही' असं कळवून त्यातून सुटू शकतो. म्हणजे प्रत्येक देशाकडे दोन कुलपं आहेत, आधी नकार आणि नंतर सुटका. मी फक्त पहिलं काढा म्हणतेय. मान्य नसेल त्याने जगासमोर लेखी कळवावं आणि कारण द्यावं. आणि खुल्या समुद्रासाठी २०२३ मध्ये जो नवा करार झाला, त्यात ही वाट ठेवलेलीच आहे: आधी एकमताचा प्रयत्न, तो फसला तर तीन-चतुर्थांश मतं.

कलम_चार:
त्याच करारात असंही लिहिलंय की आधीच्या संस्थांच्या अधिकाराला धक्का लावायचा नाही. त्यामुळे तो कॅमलारच्या डोक्यावर बसवता येणार नाही. माझा मार्ग संथ आहे हे कबूल, पण रॉस समुद्रात तो चालला. रशिया वर्षानुवर्षं अडून होता. मग संशोधनासाठी वेगळे पट्टे ठेवले, मुदत घातली, आणि तो राजी झाला. स्वतः मान्य केलेला नियम देश मोडत नाहीत.

दक्षिणवारा:
ती मुदत किती, तेही लिहा ना. ३५ वर्षं, २०१७ च्या डिसेंबरपासून. २०५२ मध्ये रॉस समुद्राचं संरक्षण पुढे चालू ठेवायचं तर पुन्हा एकमत लागेल, नाहीतर ते आपोआप संपेल. तुमच्या सगळ्यात मोठ्या यशालासुद्धा त्या दिवशी एकच देश, एक शब्दही न लिहिता, संपवू शकतो. मी याच अटीबद्दल बोलतेय.