आरईटी जनुकाची तपासणी: आधी माझी की मुलाची?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. नेरूळच्या ताईचं दिवाळीनंतर थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ मेड्युलरी कॅन्सरची (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाली. मग रक्तातून जनुकीय तपासणी केली, तर आरईटी जनुकात कोडॉन ६३४ ला (म्हणजे जनुकातल्या एका ठराविक जागी) बदल सापडला. हे घरातून आलेलं, सख्ख्या भावंडांना ५० टक्के शक्यता, तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले.

ताईचा रिपोर्ट घेऊन जवळच्या लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने कागद उलटसुलट बघितला आणि "थायरॉइडचंच आहे ना? मग टी-थ्री, टी-फोर, टीएसएच करू" म्हणत रक्त काढलंसुद्धा. सगळं नॉर्मल! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. दोन दिवसांनी ताईची जुनी फाइल बघितली, तर तिचाही टीएसएच नॉर्मलच होता. वाढलं होतं ते कॅल्सिटोनिन, या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं हार्मोन.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. ६३४ असेल तर पाचव्या वर्षापर्यंतच थायरॉइड काढतात असं वाचलं, तेव्हापासून तो जेवायला बसला की माझं लक्ष त्याच्या गळ्याकडेच. हे म्हणतात, आधी तू कर. मला वाटतं, वेळ कशाला घालवायचा, दोघांचं एकदमच करू. जाणकारांनी सांगा.

अजून एक, कदाचित अवांतर असेल. आई पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी वारली, टेबलवरच बीपी भयंकर चढलं. एरवीही तिला मधूनच घाम फुटून धडधडायचं. आम्ही पित्त म्हणून सोडून द्यायचो.

प्रतिसाद:
तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. घरातला बदल माहीत असल्याने तुमचा तेवढाच बघायचा. तो तुमच्यात नसेल तर मुलाला तुमच्याकडून येणारच नाही, त्याला सुई कशाला? असेल तर मात्र त्याचं लगेच करा. सात म्हणजे उशीर झाला असं धरून बसू नका, कॅल्सिटोनिन बघून पुढचं ठरवतात. लॅबवाल्याकडे नको, टाटाच्या कॅन्सर जेनेटिक्सवाल्यांना विचारा.

आणि आईचं अवांतर नाही हो! याच बदलाने मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमाची गाठ होऊ शकते. ती माहीत नसताना भूल दिली तर बीपी भडकतं. आईला तेच होतं असं आता कोण सांगणार, पण तुमच्या डॉक्टरांना हे नक्की सांगा. ताईचे मेटानेफ्रिन (ही गाठ आहे का ते बघायची तपासणी) बघितले होते का?

धागाकर्ती:
ताईला आत्ताच फोन केला. सगळी फाइल पलंगावर पसरून शोधलं तिने. मेटानेफ्रिनचा कागदच नाहीये. उद्या सकाळी डॉक्टरांना गाठतोय.